एकच गाडी, दोन आकडे : फोक्सवॅगन डिझेल प्रकरणाचा अभ्यास

मोटारींच्या धुरातली आजवरची सर्वांत मोठी लबाडी, म्हणजे फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत बसवलेले चाचणी ओळखणारे सॉफ्टवेअर, ज्या चाचणीतून उघडकीला आली, ती मुळात डिझेल गाड्यांची बाजू मांडण्यासाठी आखलेली होती. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन, म्हणजे आयसीसीटी, ही स्वच्छ वाहतुकीवर काम करणारी संस्था. युरोपातल्या डिझेल मोटारी प्रयोगशाळेत पास होतात आणि रस्त्यावर मात्र मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडतात, हे संस्थेच्या युरोपातल्या अभ्यासकांना दिसत होते. अमेरिकेतली मर्यादा युरोपपेक्षा बरीच कडक. तेव्हा तिथे विकल्या जाणाऱ्या याच कंपन्यांच्या गाड्या रस्त्यावरही स्वच्छ असणार आणि तसे मोजून दाखवले की युरोपातल्या सरकारांना सांगता येईल, 'हे जमते, मग तुमच्याकडे का नाही?' असा त्यामागचा हिशोब होता.

२०१२च्या अखेरीस संस्थेने या कामासाठी प्रस्ताव मागवले. काम मिळाले वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या इंजिन आणि उत्सर्जन संशोधन केंद्राला. विद्यापीठाचे मॉर्गनटाउन हे डोंगराळ मुलखातले छोटे गाव. निधी सुमारे ५० हजार डॉलर, म्हणजे अशा कामाच्या मानाने अगदी बेताचा. केंद्राचे प्रमुख डॅन कार्डर. गाड्या घेऊन प्रत्यक्ष रस्त्यावर उतरले ते तरुण संशोधक : मूळचे चेन्नईचे अरविंद तिरुवेंगडम, बंगळुरूचे हेमंत कप्पण्णा आणि स्वित्झर्लंडहून आलेले मार्क बेश.

हे केंद्र का निवडले गेले, याला इतिहास आहे. १९९८ साली अमेरिकेतल्या ट्रकच्या इंजिनांचे मोठे उत्पादक याच प्रकारात सापडले होते. त्यांची इंजिने चाचणीत नियम पाळायची, पण हायवेवर एका लयीत धावू लागली की संगणक इंधन सोडण्याची वेळ बदलायचा. डिझेल वाचायचे आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढायचा. सरकारशी झालेल्या तडजोडीत या कंपन्यांना रस्त्यावरच्या मोजमापाची जबाबदारी घ्यावी लागली आणि चालत्या ट्रकमध्ये बसवता येईल अशी यंत्रणा याच विद्यापीठाने विकसित केली. म्हणजे प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा वेगळे निघू शकतात, हे या केंद्रातल्या लोकांना २०१२च्या कितीतरी आधी ठाऊक होते. मोटारींच्या बाबतीत तसे निघेल, अशी मात्र त्यांची अपेक्षा नव्हती.

नेमके काय मोजायचे होते

हवेतला नायट्रोजन एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण डिझेल इंजिनातल्या दाबाखाली आणि तापमानात तो ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. पेट्रोल गाडीत हवा आणि इंधन यांचे प्रमाण काटेकोर ठेवलेले असते, त्यामुळे नेहमीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही ऑक्साइडे मोडून टाकतो. डिझेलच्या धुरात जादा ऑक्सिजन शिल्लक राहतो आणि तिथे तोच कन्व्हर्टर या कामाला निरुपयोगी ठरतो. मग दोन मार्ग उरतात. पहिल्यात एक सापळा हा वायू धरून ठेवतो आणि तो भरला की थोडे जादा डिझेल सोडून रिकामा करावा लागतो. दुसऱ्यात धुरात युरियाचे द्रावण फवारले जाते, त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो ऑक्साइडांचे रूपांतर नायट्रोजन आणि पाण्यात करतो. पहिल्या मार्गात मायलेज जाते. दुसऱ्यात युरियाची टाकी लवकर रिकामी होते आणि ग्राहकाला ती पुन्हा पुन्हा भरावी लागते. दोन्ही मार्ग उत्तम चालतात. पण दोन्हींना रोजचा खर्च आहे आणि या प्रकरणाचे मूळ त्या खर्चात आहे.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही. काळा धूर दिसला की आपण नाक दाबतो, गाडीचा नंबर लक्षात ठेवतो. नायट्रोजन ऑक्साइड सोडणारी गाडी मात्र स्वच्छच दिसते. उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो आणि पुढे फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कणही. लॉस एंजेलिसच्या धुरक्यामागचे हे रसायन १९५०च्या दशकात हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने उलगडले. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाची एल माँटे इथली प्रयोगशाळा त्याच्याच नावाची होती आणि तिला पुढे या कथेत मोठे काम आहे.

आता मोजण्याची पद्धत. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात. ठरलेल्या तापमानाची खोली, ठरलेला वेगाचा आलेख आणि समोरच्या पडद्यावर बघून तो आलेख पाळणारा चालक. अमेरिकेतली मुख्य चाचणी १,८७४ सेकंदांची, अंतर १७.७७ किलोमीटर. कधी किती वेग, कुठे थांबायचे, हे सारे सेकंदासेकंदाला जाहीर. तसे असायलाही हवे, कारण त्याशिवाय पुण्यात मोजलेला आकडा आणि मिशिगनमध्ये मोजलेला आकडा ताडून बघता येणार नाही. पण या काटेकोरपणाचीच दुसरी बाजू अशी, की चाचणी चालू आहे हे गाडीलाही ओळखता येते. चाके फिरतात, स्टिअरिंग हलत नाही.

रस्त्यावरच्या मोजणीसाठी डिकीत अख्खी प्रयोगशाळा बसवावी लागते. या यंत्रणेला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पेम्स' म्हणतात. सायलेन्सरच्या नळीला एक जाड नळी जोडतात आणि तीत धुराचा प्रवाह मोजणारे मीटर असते. त्यातला थोडा धूर गरम नळीतून विश्लेषकांकडे जातो, कारण नळी थंड पडली तर पाणी साचते आणि काही वायू त्यात विरघळतात. नायट्रिक ऑक्साइडला ओझोन भेटला की मंद प्रकाश निघतो. तो प्रकाश मोजून वायूचे प्रमाण काढतात. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरणांनी मोजतात. सोबत जीपीएस, हवेचे तापमान आणि दाब, शिवाय गाडीच्या संगणकातून येणारी माहिती. निघण्याआधी आणि परतल्यावर माहितीच्या प्रमाणाचा वायू सोडून यंत्रे तपासायची, म्हणजे वाटेत त्यांचा काटा सरकला असेल तर कळते.

इथे एक गोष्ट वाचकाने नीट लक्षात घ्यावी. धुरात वायूचे प्रमाण किती, एवढ्यावरून प्रदूषण कळत नाही. प्रमाण गुणिले प्रवाह केले की दर सेकंदाला किती ग्रॅम बाहेर पडले ते कळते. त्याची बेरीज करून कापलेल्या किलोमीटरांनी भागली, की कायद्याच्या भाषेतला आकडा मिळतो : ग्रॅम दर किलोमीटर. आपल्याकडच्या पीयूसी केंद्रात उभ्या गाडीच्या नळीत सळई घालून जे मोजतात, ते यापैकी फक्त पहिले पाऊल आहे, आणि तेही दुसऱ्याच वायूंसाठी.

या यंत्रांना वीज लागते. गाडीच्या बॅटरीवर हा भार टाकला तर इंजिनावरचा बोजा वाढतो आणि मोजणीच बिघडते. म्हणून गाडीच्या मागे छोटा जनरेटर बसवला. रस्त्याच्या हादऱ्यांनी तो वारंवार दगा द्यायचा. मोठ्या कंपनीचे पितळ उघडे पाडणारी मोहीम अशा खटपटीतून चालली होती, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. शोध लावायला महागडी इमारत लागली नाही. चांगली आखणी लागली आणि आकडा पटेना म्हणून तो पुन्हा मोजण्याची चिकाटी लागली.

कॅलिफोर्नियातले रस्ते

२०१३च्या वसंतात तीन गाड्या निवडल्या गेल्या. फोक्सवॅगन जेट्टा, सापळ्याच्या तंत्राची. फोक्सवॅगन पसाट, युरियाच्या तंत्राची. आणि बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्ह, तीही युरियाचीच. नंतरच्या अहवालात कंपन्यांची नावे नव्हती, फक्त 'वाहन अ, ब, क' असा उल्लेख होता. पाच मार्ग ठरले : हायवे, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांतली गर्दी, आणि डोंगरातला चढउतार. पसाट तर लॉस एंजेलिसहून थेट सिअ‍ॅटलपर्यंत नेली आणि परत आणली. जाऊन-येऊन जवळपास ४,००० किलोमीटर.

कायद्याची मर्यादा होती दर किलोमीटरला ४३ मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड. मार्गांनुसार जेट्टाची सरासरी आली ६१० ते १,५०० मिलिग्रॅम. पसाटची ३४० ते ६७०. या सरासऱ्या पटीत सांगायच्या तर जेट्टा मर्यादेच्या साधारण १४ ते ३५ पट आणि पसाट ८ ते १६ पट. सिअ‍ॅटलच्या लांब प्रवासात, जो बहुतेक हायवेवरचा होता आणि गाडीला सर्वांत सोपा जायला हवा होता, तिथेही पसाटची सरासरी २६० मिलिग्रॅम म्हणजे मर्यादेच्या सहापट. बीएमडब्ल्यू मात्र डोंगराळ चढउताराचा मार्ग सोडला तर साधारणपणे मर्यादेत किंवा तिच्या खाली राहिली.

संशोधकांची पहिली शंका स्वतःच्या यंत्रांवर गेली, आणि ते योग्यच होते. पण या अभ्यासाची आखणी अशी होती, की एकेक शंका आपोआप मिटत गेली. माझ्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखे सर्वांत जास्त काही असेल तर ते इथे आहे, म्हणून थोडे रेंगाळतो.

यंत्र चुकत असेल का? त्याच यंत्रणेने त्याच फेऱ्यांत मोजलेले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तिन्ही गाड्यांत मर्यादेच्या बरेच खाली होते. प्रवाहाचे मीटर बिघडले असते तर सगळेच आकडे फुगले असते. फुगला तो एकच वायू, आणि तोही तीनपैकी दोन गाड्यांत.

मग रस्ताच अवघड असेल का? चालकाने गाडी दामटली असेल? तेच मार्ग, तीच यंत्रणा, आणि बीएमडब्ल्यू बहुतेक ठिकाणी पास. वजनाने ती तिघांत सर्वांत जड. म्हणजे अशा रस्त्यांवर स्वच्छ राहणे तंत्राला शक्य होते आणि ते बाजारात विकायलाही ठेवलेले होते. ही तिसरी गाडी अभ्यासात नसती तर 'डिझेलची रस्त्यावर हीच गत व्हायची' असे म्हणून विषय संपवता आला असता. युरोपात अनेक वर्षे नेमके हेच झाले होते. इटलीतल्या इस्प्रा इथल्या युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने २०११मध्येच पेम्सने मोजलेले वाढीव आकडे प्रसिद्ध केले होते, पण त्यांतून लगेच कोणाला जाब विचारला गेला नाही.

गाडीच नादुरुस्त असेल का? इथे एल माँटेच्या प्रयोगशाळेचे काम आले. कॅलिफोर्नियाच्या मंडळाने आपली जागा आणि यंत्रे देऊ केली. जेट्टा आणि पसाट दोन्ही गाड्या रोलरवर चढवल्या आणि अधिकृत चाचणी घेतली. दोन्ही पास झाल्या. तीच गाडी, तेच इंजिन, आकडे दोन, आणि दोन्ही खरे. नादुरुस्त गाडी दोन्हीकडे नापास झाली असती. ज्या गाडीला रोलरवर नियम पाळता येतो आणि रस्त्यावर येत नाही, तिच्यात बिघाड नसून काहीतरी वेगळे आहे, एवढा निष्कर्ष या टप्प्यावर निघत होता. 'फसवणूक' हा शब्द अहवालात कुठेही नाही. तीन गाड्यांच्या नमुन्यावरून त्यांनी तो वापरला असता तर मीच त्यांना दोष दिला असता. तीन गाड्यांवरून प्रश्न विचारता येतो, पण निकाल देता येत नाही.

मंडळाने धागा सोडला नाही

मार्च २०१४मध्ये सॅन डिएगोच्या परिषदेत हे आकडे मांडले गेले आणि मे महिन्यात अहवाल प्रसिद्ध झाला. फोक्सवॅगनचे म्हणणे होते, की काही तांत्रिक अडचणी आणि रस्त्यावरची अनपेक्षित परिस्थिती यांमुळे आकडे वाढले. डिसेंबर २०१४मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या सुमारे पाच लाख गाड्या स्वतःहून परत बोलावून सॉफ्टवेअर दुरुस्त करून देण्याचे जाहीर केले. प्रकरण इथेच मिटू शकले असते.

कॅलिफोर्नियाच्या मंडळाने दुरुस्त झालेली गाडी ६ मे २०१५ला पुन्हा तपासायला घेतली. रस्त्यावर आकडे काहीसे घटले होते, पण मर्यादेच्या अजून बरेच वर होते. मग तिथल्या तंत्रज्ञांनी एक साधी आणि फार नेमकी युक्ती केली. अधिकृत चाचणीचा फक्त दुसरा टप्पा त्यांनी रोलरवर पुन्हा पुन्हा चालवला. गाडी रोलरवरच, खोली तीच, पण क्रम कोणत्याही ज्ञात चाचणीचा नाही. सुरुवातीला युरिया व्यवस्थित फवारला गेला. वेळ गेला तसा तो अपुरा पडू लागला आणि नायट्रोजन ऑक्साइड चढत गेला, युरियाच्या क्रियेसाठीचा वेगळा कन्व्हर्टर पुरेसा तापलेला असूनही. थंडी, चढ, वारा, चालकाची सवय, यांपैकी एकही सबब आता उरली नव्हती.

८ जुलैला हे निष्कर्ष कंपनीला आणि केंद्रीय पर्यावरण संस्थेला कळवले गेले. समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत २०१६च्या डिझेल मॉडेलांना प्रमाणपत्र मिळणार नाही, असेही सांगण्यात आले. प्रमाणपत्र नाही म्हणजे विक्री नाही. ३ सप्टेंबर २०१५ला कंपनीने कबुली दिली : गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणी ओळखणारी सोय होती. १८ सप्टेंबरला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची नोटीस जाहीर झाली. सुमारे ४ लाख ८२ हजार गाड्या आणि मर्यादेच्या ४० पटींपर्यंत उत्सर्जन. चार दिवसांनी कंपनीने जगभरातला आकडा सांगितला, १ कोटी १० लाख. पाचव्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकारी मार्टिन विंटरकॉर्न पायउतार झाले.

सॉफ्टवेअर काय करत होते? नोटिशीप्रमाणे स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब यांवरून ते अंदाज बांधत होते. पुढे स्वतंत्र अभ्यासकांनी इंजिनाच्या संगणकातला कोड उलगडला. त्यात वेळ आणि अंतर यांचे आलेख साठवलेले आढळले. गाडी सुरू झाल्यापासून किती वेळात किती अंतर कापले, हे जोवर साठवलेल्या आलेखाच्या पट्ट्यात बसते तोवर स्वच्छ पद्धत चालू. पट्टा सुटला की रस्त्यावरची पद्धत. चाचणीचा आलेख जाहीर असतो, तो असा उपयोगाला आला.

पुढच्या कज्ज्यांचे आकडे सर्वत्र छापून आले आहेत. २०१६मध्ये १४.७ अब्ज डॉलरची तडजोड, २०१७मध्ये गुन्ह्याची कबुली आणि आणखी ४.३ अब्ज. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटतात ते आरोग्याचे आकडे. केवळ अमेरिकेत या जादा वायूमुळे सुमारे ५९ लोकांचा अकाली मृत्यू ओढवेल, असा २०१५चा एक अभ्यास होता. २०१७मध्ये भारतासह ११ बाजारपेठांचा हिशोब मांडला गेला, सर्व कंपन्यांच्या डिझेल गाड्या, ट्रक आणि बस धरून. मर्यादेपेक्षा जास्त सोडलेल्या नायट्रोजन ऑक्साइडमुळे २०१५ या एका वर्षात सुमारे ३८,००० अकाली मृत्यू, असा त्याचा अंदाज निघाला.

या दुसऱ्या आकड्याकडे बघितले की समजते, प्रकरण एका कंपनीच्या लबाडीपुरते नव्हते. आयसीसीटीने ऑक्टोबर २०१४मध्येच १५ आधुनिक डिझेल गाड्यांची रस्त्यावरची मोजणी मांडली होती आणि सरासरी युरोपच्या 'युरो-६' नियमातल्या मर्यादेच्या सातपट आली होती. अनेक कंपन्यांनी चाचणी ओळखणारे सॉफ्टवेअर वापरलेले नव्हते. बाहेर थोडी थंडी पडली की इंजिनाच्या बचावाचे कारण सांगून धूरनियंत्रण कमी करायचे, एवढे त्यांना पुरत होते. चाचणीच्या खोलीत तशी थंडी नसायची. कायद्याच्या दृष्टीने दोन्हींत फरक आहे. हवा घेणाऱ्याच्या फुप्फुसाला मात्र दोन्हींतून आलेला वायू सारखाच. युरोपने सप्टेंबर २०१७पासून नव्या मॉडेलांना रस्त्यावरची चाचणी सक्तीची केली. शहर, ग्रामीण रस्ता आणि हायवे असा दीड ते दोन तासांचा प्रवास, सोबत पेम्स. सुरुवातीला मर्यादेच्या २.१ पटींपर्यंत सूट होती, पुढे ती १.४३वर आली.

चाकण, शेंद्रा आणि वेताळ टेकडी

हे इंजिन आपल्याकडेही आले होते. पोलो आणि व्हेंटो चाकणच्या कारखान्यात तयार होत. जेट्टा, पसाट, स्कोडाच्या काही आणि ऑडीच्या गाड्या तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याला जोडल्या जात. अमेरिकेतला गौप्यस्फोट झाल्यावर केंद्र सरकारने तपासणी सोपवली ती पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडे, म्हणजे वेताळ टेकडीवरच्या एआरएआयकडे. रस्त्यावरच्या मोजणीत नायट्रोजन ऑक्साइड 'भारत-४' या आपल्याकडच्या धूरनियमातल्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळला. १ डिसेंबर २०१५ला कंपनीने भारतातल्या ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलून देण्याचे जाहीर केले. त्यांत फोक्सवॅगनच्या १ लाख ९८ हजार ५००, स्कोडाच्या ८८ हजार ७०० आणि ऑडीच्या ३६ हजार ५०० गाड्या होत्या.

इथे जरा थांबून दोन देशांचे आकडे शेजारी ठेवावे लागतात. अमेरिकेत ४० पट आणि आपल्याकडे २.६ पट, म्हणजे आपल्याकडच्या गाड्या चांगल्या होत्या, असा अर्थ कोणी काढू नये. अमेरिकेची मर्यादा ४३ मिलिग्रॅम आणि भारत-४ डिझेल मोटारीची २५०. २५०च्या २.६ पट म्हणजे ६५०. पसाटने कॅलिफोर्नियात काढलेल्या वरच्या आकड्याच्या अगदी जवळ. मर्यादाच सैल असली की पट आपोआप लहान दिसते. बातम्यांतून हा हिशोब मला क्वचितच दिसला.

कंपनीचे म्हणणे असे, की भारतातल्या गाड्या इथल्या नियमांत बसतात आणि रस्त्यावरच्या मोजणीसाठी भारतात कोणतीही मर्यादाच ठरलेली नाही. यातला दुसरा भाग खरा होता. तेव्हाचे आपले नियम फक्त रोलरवरच्या चाचणीचे होते आणि त्या चाचणीत गाडीचा वेग ९० किलोमीटरच्या वर जात नव्हता. एक्स्प्रेस-वेवरून रोज जाणाऱ्याला या आकड्याचे काय ते समजेल. एआरएआयने मोजलेला आकडा बरोबर होता, पण त्याला टेकायला कायद्याची भिंत नव्हती. कॅलिफोर्नियाच्या मंडळाच्या हातात विक्रीचे प्रमाणपत्र अडवण्याचा अधिकार होता आणि ते तो वापरायला तयार होते. कबुली निघाली ती त्यामुळे.

प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. नोव्हेंबर २०१८मध्ये लवादाने १०० कोटी रुपये अंतरिम भरायला सांगितले आणि समिती नेमली. समितीत एआरएआयबरोबर नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेचेही तज्ज्ञ होते. त्यांनी आरोग्याच्या हानीचा सावध अंदाज १७१.३४ कोटी रुपये धरला. जरब बसावी म्हणून लवादाने ७ मार्च २०१९ला रक्कम ५०० कोटी केली. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे २०१९मध्ये न्यायालयाने तूर्त सक्तीच्या कारवाईला मनाई केली. अमेरिकेतल्या गाडीमालकांना गाडी परत विकण्याचा पर्याय आणि भरपाई मिळाली. आपल्याकडच्या मालकाला सॉफ्टवेअर बदलून मिळाले. हा फरक मला आजही खटकतो.

नियम त्यानंतर बदलले, हे आवर्जून सांगायला हवे. १ एप्रिल २०२०पासून भारत-६ आले, डिझेल मोटारीची मर्यादा २५०वरून ८० मिलिग्रॅमवर आली. रस्त्यावरच्या मोजणीची तीन वर्षे नुसती नोंद ठेवली गेली आणि १ एप्रिल २०२३पासून ती चाचणी बंधनकारक झाली. तिचा परिणाम शोरूममध्ये लगेच दिसला. छोट्या डिझेल मोटारी एकामागून एक बंद झाल्या, कारण त्या रस्त्यावर स्वच्छ ठेवण्याचा खर्च त्यांच्या किमतीत बसेना. फोक्सवॅगन आणि स्कोडा यांनी तर भारत-६ येताच भारतात डिझेल मोटारी विकणे थांबवले होते.

पण रस्त्यावर धावणारी गाडी तिच्या आयुष्यात पुढे कोण मोजणार, हा प्रश्न उरतोच. पीयूसी केंद्रात पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेल गाडीचा धूर किती काळा ते बघतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. २०१५च्या त्या सर्व गाड्या पीयूसीत पास झाल्या असत्या आणि आज कन्व्हर्टर निकामी झालेली डिझेल गाडीही, नळीतून काळे काही येत नसेल तर, पास होते. पेम्स प्रत्येक गाडीला लावणे शक्य नाही. एका गाडीला सज्ज करण्यातच तासन् तास जातात. यावर दुसरा मार्ग आहे. रस्त्याच्या कडेला प्रकाशाचा झोत लावून, जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा धूर काही क्षणांत तपासायचा आणि नंबर-प्लेटवरून मॉडेल आणि वर्ष ओळखायचे. दिल्ली आणि गुरुग्राममध्ये अशी मोजणी झाली, एक लाखाहून अधिक नोंदी घेतल्या गेल्या आणि अहवाल २०२४मध्ये आला. भारत-६ खासगी मोटारींचा नायट्रोजन ऑक्साइड भारत-४च्या तुलनेत ८१ टक्के कमी आढळला. नियम कडक केल्याचा आणि तो रस्त्यावर तपासल्याचा लाभ होतो, हे आता आपल्याच देशातल्या आकड्यांवरून म्हणता येते. त्याच मोजणीत स्वच्छ समजल्या जाणाऱ्या सीएनजीवरच्या टॅक्सी आणि माल वाहणाऱ्या छोट्या गाड्या प्रयोगशाळेतल्या मर्यादेच्या कितीतरी पट वायू सोडताना दिसल्या.

मुंबई, पुणे, नाशिक आणि नागपूरच्या रस्त्यांवर अशी मोजणी नियमित व्हावी आणि निकाल मॉडेलच्या नावासह जाहीर व्हावेत. एआरएआय पुण्यात आहे, नीरी नागपुरात आहे, देशातल्या मोटारींचा मोठा हिस्सा चाकणच्या पट्ट्यात तयार होतो. यंत्रे आणि माणसे दोन्ही इथे आहेत. एखादे मॉडेल रस्त्यावर सतत मर्यादेबाहेर दिसले, की त्यातल्या दोन-चार गाड्या रस्त्यावरून उचलून, कंपनीने पाठवलेल्या न घेता, आधी रोलरवर आणि मग पेम्स लावून कात्रजच्या घाटात मोजाव्यात. दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत आणि जाब मालकाला न विचारता कंपनीला विचारावा.